दादाचा मधुमेह मला होईल?

दवाखान्यातून घरी आल्यापासून शर्विलदादा ऋताला जवळच येऊ देईना. जेवायला बसला तरी ताट घेऊन पार खिडकीपाशी जाई. आपलं काय चुकलं, हे काही ऋताला कळेना.

त्या दिवशी गडहिंग्लजच्या आरोग्य केंद्रातला रोबो धनू दादाची साखर तपासायला घरी आला. ऋता त्याच्या चाकांजवळ फतकल मारून बसली, तसा दादा ओरडला, "लांब हो! माझा मधुमेह तुला लागेल."

"म्हणून बोलत नव्हतास होय माझ्याशी?" ऋताचे डोळे भरून आले.

धनूने आवाज हळू केला. "शर्विल, तुझा हा टाइप-१ मधुमेह सर्दीसारखा लागत नाही. गोड खाऊनही होत नाही. शरीरात जंतूंशी लढणारी एक सेना असते. कधीकधी तिची गफलत होते आणि ती स्वादुपिंडातल्या (जठरामागच्या ग्रंथीतल्या) चांगल्या पेशींवरच तुटून पडते. याच पेशी इन्सुलिन (रक्तातली साखर वापरायला मदत करणारा स्राव) बनवतात. त्या संपल्या की इन्सुलिन बाहेरून टोचून घ्यावं लागतं."

"मग मला नाही ना होणार?" ऋताने विचारलं.

"भावंडांची जनुकं (आईबाबांकडून आलेल्या शरीराच्या सूचना) बरीचशी सारखी असतात. म्हणून तुला इतर मुलांपेक्षा धोका थोडा जास्त. तरी अशा वीस भावंडांत साधारण एकालाच हा आजार होतो."

"तो एक कोण, हे कसं कळणार?" दादाने विचारलं.

"रक्तात स्वप्रतिपिंडं (आपल्याच पेशींवर उलटलेल्या सेनेच्या खुणा) दिसतात. त्रास सुरू होण्याच्या कितीतरी आधी. ऋताच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासू का?"

दाराशी उभ्या असलेल्या आईने होकार दिला. ऋताने बोट पुढे केलं.

धनूचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला. "दोन प्रकारच्या खुणा आहेत," तो म्हणाला. "म्हणजे पुढे हा आजार होण्याची शक्यता खूप आहे. दवाखान्यात पुन्हा तपासून खात्री करू. साखर मात्र आज अगदी ठीक आहे."

दादा हुंदके देऊ लागला.

"शर्विल," धनू म्हणाला, "तू बेशुद्ध पडलास तेव्हा कुठे तुझा आजार कळला. हिच्यावर आपण ती वेळ येऊ देणार नाही. अधूनमधून तपासत राहू. गरज पडली तर आजाराची सुरुवात पुढे ढकलणारं औषध आहे. तो कायमचा थांबवणारं औषधही शास्त्रज्ञ शोधताहेत."

ऋता सरकत सरकत दादाला जाऊन चिकटली. या वेळी तो हलला नाही.

"दादा, इन्सुलिनची सुई फार दुखते का रे?"

"पहिल्यांदा दुखते," डोळे पुसत तो म्हणाला. "पण तुझ्या वेळी मी असेन ना शेजारी."