एकही दिवस न ओकलेलं बाळ

आमची ओळख करून दिली ती पिटुकलीने. रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये माझ्या खांद्यावरून ती मागच्या माणसाकडे टकामका बघत होती, आणि बघता बघता त्याच्या बाहीवर भळकन ओकली.

"अगं बाई! सॉरी हं—"

"असू दे. पेशंटने सलामी दिली."

पाचव्या मजल्यावर टेबलापलीकडे तोच बसलेला, ओली बाही दुमडून. पिटुकली म्हणजे माझ्या ताईची पाच महिन्यांची लेक. जन्मतःच हृदयाला भोक. मोठ्यांना देतात ते एक औषध अशा तान्ह्यांना किती मानवतं, याची तिथे चाचणी चालली होती. सगळं नीट विचारून ताईने सही केली होती. थेंब रोज एकदाच, संध्याकाळी; तेव्हा ताई कामावर, म्हणून ते माझ्याकडे. थेंब पाजायचे, डायरीत खूण करायची. दर पंधरा दिवसांनी डायरी तपासणारा हा.

"ओकली तर पुन्हा पाजायचं नाही. फक्त 'ओकली' असं लिहायचं," तो म्हणाला.

पहिले पंधरा दिवस पिटुकली शहाण्यासारखी वागली.

"इतकी चोख डायरी अख्ख्या चाचणीत कुणाची नाही, मावशी."

"मला मावशी काय म्हणता? तेवीस वर्षांची आहे मी."

"मग काय म्हणू?"

"...विचार करून सांगते."

तो हसला आणि मी पाघळले.

मग पिटुकली ओकू लागली, आणि मी... आता लपवून काय करू? मी तरीही खूण करत गेले. त्या सुरेख पानावर 'ओकली' लिहायला हातच होईना. थोडं पोटात गेलंच असेल, अशी मनाची समजूत घातली. पुढच्या वेळी त्याने पुन्हा 'चोख' म्हटलं. लाज वाटायला हवी तेव्हा मी नुसती लाजत बसले.

त्यानंतरच्या भेटीत त्याच्या हातात रक्ताचा रिपोर्ट होता.

"रक्तात औषध फारच कमी उतरलंय. डायरी तर चोख आहे, म्हणजे डोसच पुरत नाहीये. डॉक्टरबाई आजपासून वाढवून देतायत."

डोस जास्त झाला तर ठोके मंदावतात, हे सहीच्या वेळीच सांगितलं होतं. पिटुकली माझं बोट चोखत होती.

"थांबा— खुणा खोट्या आहेत. नऊ वेळा ओकली ती."

"मग लिहिलं का नाहीत?"

"तुम्ही चोख म्हणायचात... म्हणून."

तो हसला नाही. तडक आत गेला. काचेतून दिसलं, डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ तो काहीतरी बोलत होता.

परत येऊन त्याने डायरी उघडली. "खोडायचं नाही. एक रेघ मारा, खालची खूण दिसली पाहिजे. शेजारी सही."

तारखा मला पाठ होत्या. नऊ रेघा, नऊ सह्या. शरमेने मान वर होत नव्हती.

"यापुढे तुमची डायरी सिस्टर तपासतील," तो म्हणाला.

"माझ्यावर विश्वास राहिला नाही ना?"

"माझाच माझ्यावर नाही राहिला. एवढंसं बाळ दीड महिना एकदाही ओकत नाही, हे मला खटकायला नको? माझीच बाही भिजली होती! पण मी पानाकडे बघतच नव्हतो... तेच आत सांगून आलो."

"काय सांगितलंत?"

"की ही मुलगी मला आवडते, तर तिची डायरी माझ्याकडे नको."

कान तापले. आनंद झाला, आणि त्या आनंदाचीही लाज वाटली.

"आधी ताईला सांगू दे," मी कसंबसं म्हटलं.

ताईने सगळं ऐकलं आणि पिटुकलीला माझ्याकडून काढून घेतलं. दोन दिवस तिने सुट्टी काढून स्वतः थेंब पाजले. तिसऱ्या दिवशी कामावर निघताना बाटली माझ्या हातात ठेवली. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

त्या संध्याकाळी पिटुकली ओकली. मी डायरीत लिहिलं आणि त्याला फोन लावला.

"ओकली."

"लिहिलंत?"

"ठळक अक्षरात."

"मग... विचार झाला? काय म्हणू तुम्हाला?"

मी त्याला माझं नाव सांगितलं. सहीतलं नाही, घरात ताई हाक मारते ते.