उगवतीची वाट

शेकोटीजवळ सरकून बसा, आन् मधे बोलू नका. उदगीरचा गुंडप्पा तुमाला म्हाईत हाय ना? मोंढ्याच्या मागं राहणारा, कपाळभर भस्म लावणारा? त्याच्यासंगं घडलेलं हाय हे. मला त्यानं एकदाच सांगितलं. परत विचारलं तर उठून गेला.

चोवीस साल. फेब्रुवारीची नऊ तारीख, शुक्रवार, पौषातली अवस. गुंडप्पा तवा लेकीकडं गेलता. जावई उमाशंकर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, म्हणून भाईंदरच्या पुढं, पार समुद्राला टेकून त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. आजूबाजूला कोळ्यांची घरं, मधेमधे नव्या बिल्डिंगी, अंगणाअंगणात बांबूंवर सुकत घातलेली मासळी. गुंडप्पा माळकऱ्याहून कडक. त्या वासानं त्याचा घास उतरंना. पण लेकीला वाईट वाटंल म्हणून तो गप जेवायचा, गप ओट्यावर बसायचा. आठ दिवस झाले, आपल्या बोलीत चार शब्द बोलायला माणूस न्हाई. शेजारीण भली होती, पण तिचं बोलणं त्याला अर्धंच कळायचं.

त्या संध्याकाळी दीड वर्षाच्या नातीला ताप भरला. उमाशंकर कामावर. लेक तनुजा पोरीला मांडीवर घेऊन बसलेली.

"अप्पा, नाक्यावरच्या मेडिकलातून तेवढं औषध आणता का? मी फोन करून सांगितलंय त्याला."

"आणतो की," म्हणून गुंडप्पा निघाला.

औषध मिळालं. बाटली खिशात घातली. आता परतीचा रस्ता टेकडीला वळसा घालून येतो, चांगला पाऊण तासाचा. दिवसा त्यानं लोकांना वाळूतून आडवं जाताना बघितलेलं. पाणी लांब गेलेलं होतं, किनाऱ्यावरच्या दिव्यांत नुसता लखलखता चिखल. पोरगी तापानं फणफणलेली. गुंडप्पा वाळूत उतरला. पावणेआठ झाले होते.

अर्ध्यावर आला असंल. पुढं एक माणूस चाललेला. अंगात बनियन, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. पाठमोरा.

"याव ऊर री, मामा?"

कोणतं गाव, म्हणून विचारत होता. आपल्या सीमेकडच्या कानडीत. गुंडप्पाला इतका आनंद झाला की, या माणसानं मागं न बघता आपल्याला कसं ओळखलं, हे त्याच्या ध्यानातच आलं न्हाई.

"उदगीर. तू कुठला, तम्मा?" धाकट्या भावाला विचारावं तसं गुंडप्पानं विचारलं.

"देवणीच्या अलीकडचा. गावाकडं निघालोय."

"असा? समुद्राकडनं?"

"ते काय, दिवे दिसायलेत. चाललं की आलंच."

लांब पाण्यावर होड्यांचे दिवे लुकलुकत होते. पिलेला असावा, नाहीतर डोक्यावर परिणाम झालेला, असं गुंडप्पाला वाटलं. आपल्याकडचं लेकरू. असं कसं सोडायचं?

"थांब जरा. आधी घरी चल, चहा घे. सकाळी बघू."

"माय वाट बघायली, मामा. लई दिवस झाले."

तो थांबंना. गुंडप्पा चार पावलं त्याच्या मागं गेला. मग आणखी चार. हाका मारत, समजावत. किती गेला, त्याला कळलं न्हाई.

फोन वाजला.

"अप्पा, कुठं हाव?"

"हे काय, वाळूत. आपल्याकडचा एक माणूस भेटला..."

"वाळूत?" तनुजाचा आवाज चिरकला. "शेजारच्या मावशी म्हणतात, भरती सुरू झाली. तिथलं पाणी मागनं येतंय. अप्पा, मागं बघा."

त्यानं बघितलं. किनाऱ्याचे दिवे ठिपक्याएवढे झालेले. आन् मधे... जिथनं तो चालत आला होता तिथं... पाणी.

त्यानं मोबाईलची बॅटरी लावली. समोर चिखलावर उजेड पडला. चिखल गुळगुळीत होता. तो माणूस चालत होता. चिखल गुळगुळीतच, एकबी पाऊल उमटंना.

पळायचं म्हणून गुंडप्पा वळला. पण पाय उचलंना. भीतीनं न्हाई. त्याला त्या मायचं वाईट वाटलं.

"तम्मा," तो म्हणाला. "तिकडं गाव न्हाई."

तो थांबला. पहिल्यांदा.

"ही मावळत हाय. आपलं गाव उगवतीला. पाणी पाठीला ठेव आन् चालत रहा. घाट चढ. काळं रान लागलं की मग कुणाला विचारू नको."

नुसता पाण्याचा आवाज.

"उगवतीला..."

आवाज समोरनं आला न्हाई. कानाशी आला.

गुंडप्पा निघाला. पाणी घोट्याला. गुडघ्याला. मग कमरेला. बाटली त्यानं डोक्यावर धरली. ओठांवर शिवाचं नाव. मागं छप... छप... कुणीतरी त्याच्या पावलात पाऊल टाकून येत होतं. डावी चप्पल चिखलानं ओढून घेतली. तो वाकला न्हाई. मागं बघितलं न्हाई.

खडक लागला. तो वर चढला. मागचा आवाज... बंद.

दारात तनुजा उभी होती. गुंडप्पाचे कपडे भिजलेले, एक पाय अनवाणी.

"घसरलो," एवढंच तो म्हणाला. नातीला औषध पाजलं. पहाटेपर्यंत ताप उतरला. गुंडप्पा भिंतीला टेकून बसलेला, डोळ्याला डोळा न्हाई. तनुजानं दोनदा विचारलं, त्यानं दोनदा मान हलवली.

सहाला त्यानं दार उघडलं.

पायरीवर डावी चप्पल होती. सरळ ठेवलेली. कोरडी.

त्यानं ती उलटी केली. तळाला माती. वाळू न्हाई, तिथला करडा चिखलबी न्हाई. काळी, चिकट, आपल्या रानातली. आन् त्या मातीत रुतलेला हरभऱ्याचा एक घाटा, आत दाणा भरलेला.

हिरवागार. देठाशी अजून ओला.