जनरलचा चावा

“हे त्या कुत्र्याचंच काम. दुसरा कोण हाय इथं दातांचा?” मुनाफचाचाने निकाल देऊन टाकला.

आखातातल्या एका शहरात, नईम भागातल्या त्या तीन मजली इमारतीची देखभाल मुनाफचाचा करी. आता तळमजल्यावरच्या सामानाच्या खोलीत सगळे त्याच्याभोवती जमले होते. मधोमध महमूदचाचांचा खोका पडला होता. रजेवर रत्नागिरीला न्यायचा, दोरीने आवळून बांधलेला, वर ठळक अक्षरांत नाव लिहिलेला! त्याचा कोपरा कुरतडला होता, दोरी तुटली होती आणि दुधाची पावडर जमिनीभर सांडली होती.

“वर्षभर एक एक वस्तू जमवली मी,” महमूदचाचांचा आवाज चढला. “डेनिसला सांगा, हा कुत्रा बिल्डिंगमधे नको.”

“शुक्रवारी सलमाबादला भावाच्या वर्कशॉपात नेऊन बांधतो. राखण करील. खलास,” मुनाफचाचा म्हणाला.

डेनिसच्या बारा वर्षांच्या मुलाने, डिलनने, जनरलला छातीशी घट्ट धरलं. जनरल म्हणजे ओंजळीत मावणारं पॉमेरेनियन पिल्लू. नाव मोठं, लक्षण खोटं! राखण राहू द्या, तो स्वतःच्या शिंकेला दचकत असे. जुलैच्या उन्हात साखळीला बांधल्यावर तो कसा टिकणार? डिलनला रडू आवरेना.

जिन्यात तिघांची सभा भरली: डिलन, त्याची धाकटी बहीण जॅकलीन आणि महमूदचाचांची मुलगी आतिका. आतिका चार पायऱ्या वर बसली. कुत्र्याची लाळ लागली तर तिच्या घरी सात वेळा धुवावं लागे, त्यात एकदा मातीने. म्हणून जनरलशी तिची दोस्ती नेहमी लांबूनच.

“जनरलने नाही केलं. आय नो,” जॅकलीन म्हणाली.

“तुला माहीत असून काय उपयोग? अब्बांना पटायला हवं,” आतिका वरून म्हणाली. “ पण मला एक सांगा, हा खुबूस खाताना मान वाकडी का करतो?”

बहीणभावाला हे रोजचंच होतं. खुबूसचा, म्हणजे अरबी रोटीचा, तुकडा जनरल एका बाजूने उचलायचा, एकदा चावायचा आणि कुंकूं करत टाकून द्यायचा. घरचे म्हणायचे, लाडावलाय, दुसरं काय! दिवसभर त्याला मांडीवर घेणाऱ्यांना जे दिसलं नाही, ते लांबून बघणाऱ्या आतिकाला दिसलं होतं.

डिलनने हळूच जनरलचा ओठ वर केला. खालचा जबडा वरच्यापेक्षा चांगलाच आखूड होता. खालचे दोन सुळे थेट टाळूत रुतत होते आणि तिथे दोन लालभडक खळगे पडले होते.

“बापरे, हा चावला की ह्यालाच टोचतं,” डिलन पुटपुटला.

“मग एवढी जाड दोरी कशी तोडेल तो?” आतिका उठलीच. “यल्ला, खाली चला!”

खोक्यातल्या साबणाच्या एका वडीवर दातांच्या खुणा होत्या. अगदी शेजारी शेजारी दोन चर, बारीक पटाशीने काढावेत तसे. आतिकाने घरून कणकेचा गोळा आणला, जॅकलीनने त्याला चिकनचं सूप चोपडलं. जनरलने आशेने तोंड घातलं, चावा घेतला आणि कळवळून मागे सरला. कणकेवर ठसे उमटले. वरच्या दातांची ओळ एकीकडे, खालच्यांची भलतीकडे. साबणावरच्या चरांशी त्यांचा काहीच मेळ नव्हता.

मुनाफचाचा खो खो हसला. “कणकेवर कोर्ट चालवताय? कुत्रा तो कुत्रा.”

“बरं चाचा,” आतिका साळसूदपणे म्हणाली, “आज खोलीला कुलूप लावू. किल्ली अब्बांकडे, जनरल डिलनकडे. उद्या नवीन काही कुरतडलेलं नसलं तर तुम्ही जिंकलात.”

“कबूल,” तो म्हणाला. आपण फसलो हे त्याच्या गावीही नव्हतं. कुलूप लागण्याआधी जॅकलीनने जमिनीवर मैदा भुरभुरवला.

सकाळी महमूदचाचांनी स्वतः दार उघडलं. दुसरा खोकाही कुरतडलेला होता. मैद्यावर नाजूक पावलांची रांग होती आणि मधून शेपटी फरफटत गेली होती! माग भिंतीपाशी संपला. सगळ्यांनी वर पाहिलं. दुरुस्तीला काढलेल्या एसीच्या जागी नुसता पुठ्ठा होता, त्याला मुठीएवढं भोक पडलं होतं, आणि भोकातून गल्ली दिसत होती.

“मुनाफ, हे विटांनी बुजवलं म्हणून तू रमजानात सांगितलंस ना?” महमूदचाचांनी विचारलं.

“इंशाल्ला, उद्या करणारच होतो...”

“तुझा ‘उद्या’ उंदरांना बरा ठाऊक.”

मुनाफचाचा सिमेंट आणायला जो धावला, तो मागे वळून बघेना. मुलं हसून हसून बेजार झाली.

त्याच संध्याकाळी डिलनची आई टेरेसा जनरलला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मुलंही हट्टाने बरोबर गेली.

“लहान जातीच्या पिल्लांत असं बरेचदा होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हे दुधाचे सुळे काढले की आखूड जबड्याला वाढायला वाव मिळेल. वेळेवर आणलंत. कोणी ओळखलं?”

टेरेसाने आतिकाला पुढे केलं. “हिने. आणि मी मात्र त्याला नखरेल म्हणून रागवत होते गो!” तिचे डोळे भरून आले.

शुक्रवार आला आणि गेला. जनरल घरीच होता; टोचणारे सुळे काढून झाले होते आणि टाळूतले खळगे भरत आले होते. रजेवर निघायच्या दिवशी महमूदचाचा डेनिसच्या दारात येऊन उभे राहिले. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत, पण हातात कडक टोस्ट होता.

“न बघता साक्ष दिली मी, चूक माझी,” ते डेनिसला म्हणाले. “ह्या पोरांनी मला शिकवलं. माझी पोर ह्याला हात लावत नाय, पण तिच्याएवढं ह्याला कोणी बघितलं नाय.”

आतिकाची मान अभिमानाने ताठ झाली. महमूदचाचांनी टोस्ट जमिनीवर ठेवला. जनरलने तो हुंगला, मान सरळ ठेवून तोंडात धरला आणि चावला. कुर्रम! डिलनने श्वास रोखला होता. जनरल कण्हला नाही. त्याने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि टोस्ट संपल्यावर महमूदचाचांकडे बघून आणखी मागितला.