कडूबाईचं साल

राहीबाईशी लग्न जमलं तर काकासाहेब पाटलांच्या पदरात काय पडणार, याचा हिशोब गोरक्षनाथानं पुरता करून ठेवला होता. चुलीपाशी नवे हात. ते नकोच होते. विधवा बहीण कडूबाई वीस वर्षं त्या घरात फुकट राबत होती. मिरवायला तरणी बायको. आणि खरं कारण म्हणजे मुलगा. मुलगा झाला की गावची पोलीस पाटीलकी त्याची. चुलत पुतण्याच्या नात्यानं ती आज ना उद्या आपल्याकडे येईल, या आशेवर काकांच्या भिंतीला भिंत लावून राहिलेला गोरक्षनाथ मग तसाच राहणार.

अडचण एकच होती. काकासाहेबांना अठ्ठावन्न वर्षं पुरी झाली होती. मुलीचा बाप कारभारी चार कोसांवरच्या गावचा, नमस्कार वाकून करणारा पण व्यवहारात न वाकणारा शेतकरी.

"पाटील, तोंडानं काय, कुनीबी चाळीस सांगंल," तो म्हणाला होता. "जन्माच्या वहीचा उतारा दावा."

आता ती वही ठेवायची पोलीस पाटलानंच. म्हणजे काकासाहेबांच्याच कपाटात. कारभाऱ्याची हुशारी ती एवढी.

हे १९४६ सालच्या माघातलं. त्याच आठवड्यात एक चिनी फेरीवाला सायकलला रेशमाचं गाठोडं बांधून शेवगावच्या बाजाराला निघाला होता, तो वाटेत दाऊद शिंप्याच्या ओट्यावर टेकला. दाऊदनं भिंगारच्या कॅम्पात पलटणीचे कपडे शिवले होते, त्यामुळे चिन्याची मोडकी हिंदुस्थानी तोच गावाला समजावून सांगत होता. चिन्यानं ओट्यावर एक कापड पसरलं. त्यावर गोल फेर धरून बारा जनावरं. ज्याचं जे जन्मसाल, त्याचं ते जनावर. बारा वर्षांनी फेरा पुन्हा पहिल्यावर.

पण गावाला साल कुठलं माहीत? तो जन्म विचारी आणि लोक संकटं सांगत. कुणी मोठ्या दुष्काळातला, कुणी प्लेगातला. शेवटी काकासाहेबांनीच वही मागवली. लोकांचं अज्ञान चारचौघांत उघडं करायची संधी ते सोडत नसत. मग खेळ रंगला. बैलाचा निघाला तो जन्मभर राबणार. डुकराच्याला ताटात कमी पडणार नाही. कोंबडा मिजासखोर, माकड लबाड, मेंढी सोशिक, सापाच्या पोटातलं कुणाला कळायचं नाही.

"पाटलांचं अठराशे अठ्ठ्याऐंशी," दाऊदनं विचारून सांगितलं. "उंदीर. साठवनारा, कुरतडनारा. वाईट न्हाई म्हनतो, पाटील. रांगेत पैला नंबर हाय."

ओटा हसला. गोरक्षनाथ जरा जास्तच हसला.

डोक्यावर शेणाची पाटी घेतलेली कडूबाई कडेला थांबली होती. "माजंबी बग की रं, दाऊद."

एकोणीसशे दोन. चिन्यानं कापडावर बोट ठेवलं. वाघ.

आता हसणाऱ्यांना आवरेना. ठिगळाच्या लुगड्यातला वाघ! सगळ्यात मोठ्यानं कडूबाईच हसली, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत. "वाग, आन् त्यो चुलीम्होरं!"

काकासाहेब तेवढे हसले नाहीत. "बाईमाणसाला कसला वाघ," ते म्हणाले. "साल बदललं तर जनावर बदलतं का, विचार त्याला."

दाऊदनं विचारलं. चिनी कापडाची घडी घालू लागला.

"त्यो म्हनतो, जनावर मानसाच्या छातीत दडून राहतं," दाऊद म्हणाला. "आन् विचारतो, जे साल घ्यायचं ते आदी कुनाचं हाय?"

उतारा नक्कल करायला गोरक्षनाथाकडेच आला. काकासाहेब, जन्म १९०२, वय चव्वेचाळीस. त्यानं वही उजेडाला धरली. नोंदीत मुलाचं नाव नसे. बापाचं नाव, आणि पुढे मुलगा-मुलगी असे दोन रकाने. बाप दोघांचा एकच. काकांनी चाकूनं दोन खुणा खरवडल्या होत्या आणि शेजारच्या रकान्यात दोन नव्या केल्या होत्या. एवढ्यानं भाऊ चौदा वर्षांनी लहान झाला आणि बहीण चौदा वर्षांनी मोठी. विधवेला वय विचारतो कोण?

गोरक्षनाथानं उतारा जसाच्या तसा लिहून दिला. भर मांडवात काढायला हा पत्ता झकास होता.

पहिल्यांदा कणगीतले उंदीर गेले. काकासाहेब खूश. मग मांजर गेलं; खायला उरलं नसेल, असं गोरक्षनाथानं ठरवलं. मग त्याच्या लक्षात आलं की काका उकिडवे बसतात आणि गुडघ्याला हात न लावता उठतात. गल्लीत दाऊदची शेळी समोरून येताना थबकली, चारी पायांवर थरथरली, आणि आल्या वाटेनं पळाली.

फाल्गुनात उतारा घेऊन दोघं कारभाऱ्याकडे निघाले. काका गाडीत बसले आणि त्यांच्याच घरचे बैल जुवाखाली मान देईनात. मुतले, नाकपुड्या फुगवून मागं सरले. काका उतरले की शांत. चढले की पुन्हा तेच.

"माजलेत," काका म्हणाले आणि पायी निघाले. चार कोसांत कुठं टेकले नाहीत. तिशीतला गोरक्षनाथ धापा टाकत मागं. वारा समोरून होता, आणि त्या वाऱ्यावर काकांच्या अंगाचा वास येत होता. घामाचा नव्हे. तापलेल्या, ओल्या केसाळ कातड्याचा.

कारभाऱ्याच्या अंगणात व्यालेली गाय होती. काकांनी आत पाऊल टाकलं आणि तिनं दावं तोडलं. वासरू तिथंच टाकून ती निवडुंगाच्या कुंपणातून आरपार गेली.

कारभाऱ्यानं ते भगदाड बघितलं. मग न वाचलेला उतारा त्यानं परत दिला.

"कागुद बरोबर आसंल, पाटील. पन आमी गायीचं ऐकतो. वासरू टाकून गाय पळती, तितं पोरगी कशी देऊ?"

वाटेत काका म्हणाले, "दुसरं स्थळ बघू. गायी काय घरोघर असतात?"

पाटीलकी वाचली होती. त्या आनंदात गोरक्षनाथ दुसऱ्या दिवशी काकांच्या परसात गेला. कडूबाई जात्यावर बसली होती. माघात काळे असलेले तिचे केस आता कापसासारखे झाले होते.

"गोरख, ह्यो बग पाचवा." तिनं पदराची गाठ सोडली. आत दात होते.

भर दुपारची वेळ. जात्याभोवती उंदीर बसले होते, दहा-बारा तरी. पीठ खात नव्हते. नुसते तिच्याकडे तोंड करून बसले होते. गोरक्षनाथानं काठी उचलली.

"हाकलू नगंस," ती म्हणाली. "लई दिसांनी कुनीतरी माज्याजवळ बसलंय."

दोन खुणा पुन्हा जागच्या जागी करायच्या, एवढंच काम होतं. गोरक्षनाथानं तोलून पाहिलं. वही फिरवल्याचं तालुक्याला कळलं तर काका तुरुंगात जातील, आणि पाटीलकी घराण्यातूनच जाईल. हे एक. दुसरं म्हणजे वहीतल्या खुणेनं कुणाचे दात पडत नसतात. तो काही अडाणी नव्हता. त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि घरी गेला.

चैत्रात कडूबाई गेली. तिरडी उचलली तेव्हा खांदेकरी एकमेकांकडे बघायला लागले. खांद्यावर काही आहे असं वाटेना. संध्याकाळी काकांनी स्वतः नोंद केली. वय अठ्ठावन्न. अक्षर जवान माणसाचं, जराही न कापणारं.

रिवाजाप्रमाणे ती गेली त्या जागी बायकांनी राख पसरली, दिवा ठेवला, वर पाटी पालथी घातली. सकाळी राखेत ज्याचं पाऊल उमटेल, तो जन्म तिला मिळाला असं समजायचं. राख सढळ हातानं घातली होती, पार काकांच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत.

"उंदराचं उमटंल," बायका जाताना म्हणाल्या.

काकांनी घराच्या दाराला आतून कडी घातली.

सकाळी हाकांना ओ येईना. गोरक्षनाथ आणि दाऊद दोघांनी मिळून दार चौकटीतून उचकटलं.

पाटी कोपऱ्यात पडली होती.

उंबऱ्यापासून राखेत नाजूक ठसे निघाले होते. उंदराचे. काकांच्या खोलीतून बाहेर, सरळ, हातभर. मग वाकडेतिकडे. मग मागं वळायला लागलेले.

दिव्यापासून समोरून दुसरे आले होते. तीनच. भाकरीएवढे रुंद, चार बोटांचे. नख नाही.

तिसरा ठसा उंदराच्या ठशांवर पडला होता. तिथून पुढं कुणाचंच पाऊल नव्हतं.

दाऊद आत गेला नाही. गोरक्षनाथ गेला. अंथरुणात काकांची बंडी होती, गुंड्या लावलेली. खाली धोतर, कासोटा खोचलेला. रक्ताचा टिपूस नाही.

"बिबट्या आसंल," गोरक्षनाथ म्हणाला.

"कडी आतून हुती, नाथा," दाऊद म्हणाला.

पाटीलकी आषाढात आली. तालुक्यानं चौकशी करून मयत लिहायला सांगितलं होतं. गोरक्षनाथानं वही उघडली आणि कडूबाईच्या खाली लिहिलं: काकासाहेब, वय चव्वेचाळीस. कागदाशी मेळ बसायला हवा. शाई वाळायला त्यानं वर चिमूटभर राख टाकली. त्या घरात ती सरता सरत नव्हती.

मग सवयीनं बेरीज केली. दोघांची मिळून एकशे दोन. खुणा खऱ्या धरा की खोट्या, आकडा तोच. काकांनी घेतलेली चौदा वर्षं त्यांना जेमतेम अडीच महिने पुरली. गोरक्षनाथाला काहीच मोजावं लागलं नाही. चौदाच्या चौदा एकट्या कडूबाईनं भरली.