पिछाडीचा रिपोर्ट

अंजनेरीच्या पायऱ्यांवर, डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी, एक माणूस तिसऱ्यांदा बुटाची नाडी बांधत बसला होता आणि त्याच्यामुळे मीही थांबले होते.

"झालं?" मी विचारलं.

"होतंय की." त्याने मान वर केली नाही. "तुम्ही व्हा पुढं."

"मला पुढे जाता येत नाही."

"का बरं? पायाला काही...?"

"मी पिछाडी आहे."

आता मात्र त्याने वर पाहिलं. सावळा, सडसडीत, डोळ्यांच्या कडेला हसू धरून ठेवलेलं. "असं होय! म्हणजे मी बसलो की तुम्हालाही बसायलाच लागणार—"

"बसायला नाही. थांबायला."

"तेच ते," म्हणत त्याने दुसऱ्या पायाचीही नाडी सोडली.

आमच्या गिरिभ्रमण मंडळात तो नवीन होता. नाव गोरक्ष. सायखेड्याचा, शेतकऱ्याच्या घरातला, तिथल्याच शाळेत भूगोल शिकवणारा. हे सगळं त्याने मी न विचारता सांगितलं. मी वहीत लिहिलं, 'नवीन सभासद. चाल मंद.'

ही वही म्हणजे सुभेदारांची देणगी. सुभेदार कोंडाजी आमच्या मंडळाचे प्रमुख. तोफखान्यातून निवृत्त होऊन देवळाली कॅम्पातच राहिलेले. दोन हिवाळे बर्फातल्या चौकीवर काढल्यामुळे नाशिकच्या डोंगरांचं त्यांना कौतुक बेताचंच. मंडळाला त्यांनी फौजेची शिस्त लावली होती. ओळीच्या पुढे ते स्वतः, शेवटी पिछाडी. पिछाडीने कुणालाही मागे टाकून जायचं नाही. कोण कसं चाललं, कुठे दमलं, ते लिहायचं आणि गुरुवारी संध्याकाळी सहाला, गंगापूर रोडवरच्या शाळेच्या वर्गात, सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं. माणसाच्या पाठीमागे बोलण्यापेक्षा तोंडावर वाचलेलं बरं, असं सुभेदारांचं म्हणणं. मी जिल्हा परिषदेत टायपिस्ट. वाक्य कोरडं कसं ठेवायचं ते मला चांगलं कळायचं, म्हणून दोन वर्षं ते काम माझ्याच गळ्यात पडलं होतं.

त्या वर्षी वहीला जरा जास्तच वजन आलं होतं. एक्याऐंशीच्या मे महिन्यात मंडळ पहिल्यांदा हिमालयात जाणार होतं, पिंडारी हिमनदीला. जागा बारा आणि इच्छुक एकोणीस. पाच चढायांचे रिपोर्ट बघून नावं ठरणार होती.

दुसरी चढाई ब्रह्मगिरीची. गोरक्ष पुन्हा शेवटी. वारा सुटला होता, वाळलेलं गवत एका अंगाला झोपलं होतं आणि हा गृहस्थ दर वळणावर उभा राहून खालचं त्र्यंबक बघत होता.

"एवढं काय दिसतं?"

"तिकडं बघा, गंगेचं, आपल्या गोदावरीचं पाणी." तो हसला. "इथं करंगळीएवढी धार, आमच्याकडं येईस्तोवर पात्र केवढं होतं! पण चैत्र-वैशाख आला की रोडावते बिचारी. मी दरसाल पोरांना शिकवतो, हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यात पूर येतो म्हणून. उन्हानं बर्फ वितळतं, पाणी वाढतं. मागच्या साली एका पोरानं विचारलं, गुरुजी, तुम्ही पाहिलंय का? ऊन वाढलं की नदी वाढते, हे आमच्या गावात कुणाला खरंच वाटत नाय."

"मग काय सांगितलंत?"

"पुढच्या साली सांगतो म्हटलं." त्याने पुन्हा खाली धारेकडे बघितलं. "एकदा त्या बर्फाला हात लावून यायचंय बघा. बाकी काही नको."

"मग पाय उचला जरा."

"उचलतो ना... तुम्ही सोबत आहात तर घाई कशाची?"

मी वहीत डोकं घातलं. कान गरम झाले होते, पण ते लिहायला वहीत रकाना नव्हता.

मंडळात सगळे मला विशाखाताई म्हणत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असलेलेही. गोरक्षने 'ताई' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. "अहो पिछाडी," अशी हाक मारायचा. तिसऱ्या चढाईत, हरिहर गडाच्या खोदीव पायऱ्यांवर तर त्याने कहरच केला. अर्ध्यात थांबून खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या.

"घ्या."

"चढताना खात नाहीत."

"कोण म्हणतं?"

"सुभेदार."

"ते लय वर गेले. त्यांना ऐकू जाणार नाय." त्याने शेंग फोडून दाणे माझ्या तळहातावर ठेवले. बोटं अगदी जरा... टेकली आणि दूर झाली. "हेही लिहिणार का रिपोर्टात?"

"चाल मंद, एवढंच लिहिते."

"आणि स्वभाव?"

"स्वभाव आम्ही तपासत नाही."

"तपासायला हवा," तो म्हणाला. "हिमालयात उपयोगी पडतो."

सांगायला हरकत नाही, मला तो आवडायला लागला होता. शनिवारी रात्री मी वेणीची रिबीन इस्त्री करत होते, यावरून काय ते समजा. आणि आवडायला लागला म्हणूनच मी रिपोर्ट आणखी कडक लिहायला लागले. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये. मी नाशिकरोडच्या बौद्ध वसाहतीतली, तो सायखेड्याच्या पाटील गल्लीतला. 'आपला माणूस' हा शब्द मनात आला तेव्हाच मी घाबरले होते. पाचव्या चढाईनंतर मी शेवटी लिहिलं, 'पाचही वेळा सर्वांत मागे. हिमालयासाठी योग्य नाही.'

गुरुवारी ते वाचताना आवाज कापला नाही. बारा नावं जाहीर झाली, माझं होतं. गोरक्षने फळ्याकडे बघून घेतलं आणि बाहेर पडताना मला म्हणाला, "अभिनंदन. बर्फ कसं लागतं हाताला, ते येऊन सांगा." त्याचा चेहरा हसरा होता. घरी येऊन मी जेवले नाही.

पुढच्या रविवारी निवडलेल्या बारा जणांचा सराव होता, पाठीवर ओझी घेऊन अंजनेरी चढायची. गोरक्ष आला. "हमाल लागेल म्हटलं," एवढंच बोलला. ओळीत त्याला जागा नव्हती, म्हणून तो कुठेही, कसाही चालत होता. वरच्या तळ्यापाशी विमलाबाईंचा पाय मुरगळला. या आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या, मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका. घोटा बघता बघता सुजला. त्यांना खाली न्यायला काहीतरी हवं होतं.

"मी आणतो," गोरक्ष म्हणाला आणि निघाला.

निघाला कसला, पळाला. पायऱ्या सोडून सरळ उतारावरून, करवंदीच्या जाळ्या चुकवत, क्षणात दिसेनासा झाला. खालच्या गावातून बाज, दोर आणि दोन माणसं घेऊन तो परत वर आला तेव्हा ती दोन माणसं धापा टाकत होती. बाज त्याच्या डोक्यावर होती. सुभेदारांनी घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"विशाखा बेटा, पाच रिपोर्ट तू कोणत्या आदमीचे लिहिलेस?"

मी वही पिशवीत टाकली. उतरताना मी मुद्दाम त्याच्या बाजूला गेले.

"का हळू चालत होतात?"

"नाडी सुटायची."

"सरळ बोला."

"सरळ बोललो असतो," तो समोर बघत म्हणाला, "तर तुम्ही तेही रिपोर्टात लिहिलं असतं."

"पण जागा गेली ना तुमची! तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं. दर रविवारी ठरवायचो, आज पुढं पळायचं. मग वाटायचं... पुढं जाऊन कुणाशी बोलू? सुभेदारांशी?"

मला हसू आलं आणि रडूही. विमलाबाई आता येऊ शकणार नव्हत्या, म्हणजे एक जागा रिकामी होती. मी सांगितलं की रिपोर्ट दुरुस्त करते.

तो चटकन थांबला. "नको. सगळ्यांसमोर वाचायला लागेल. तुमच्या वडिलांच्या प्रेसमधले चंदरकाका असतात तिथं. माझ्या घरी कळलं तर माझं मी बघीन. पण तुमच्या घरी तुम्हाला काय ऐकावं लागेल..." वाक्य त्याने तसंच सोडलं.

सुभेदारांना मी खालीच गाठलं. "दुरुस्ती होईल," ते म्हणाले. "लेकिन कारण लिहायचं. बिनाकारण दुरुस्ती मंजूर नाही. आणि शुक्रवारी मी रेल्वेच्या रिझर्व्हेशनला नावं देणार. त्याआधी जे काय ते."

चार दिवस होते. चार दिवसांत मी कारणं शोधली. 'सभासदाची प्रकृती ठीक नव्हती.' खोटं. 'बूट नवीन होते.' अर्धवट खोटं. ऑफिसात टायपिंग मशीनला कागद लावायचा आणि काढून फाडायचा, असं चाललं होतं. खोटं कारण वाचून जागा मिळाली असती, कुणाला काही कळलंही नसतं. पण डोंगरावरचं खोटं लिहायचं नाही, हे मीच नव्या सभासदांना शिकवत आले होते. बुधवारी संध्याकाळी बाबा प्रेसमधून आले, तेव्हा त्यांच्या हातात चहा देऊन मी म्हटलं, "उद्या चंदरकाका तुम्हाला काहीतरी सांगतील. त्याआधी मी सांगते."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चहा निवला. मग विचारलं, "रिपोर्ट खोटा लिहिला होतास का?"

"नाही. अपुरा लिहिला होता."

"मग पुरा कर," ते म्हणाले. "बाकीच्यावर मी अजून काही बोललेलो नाही." आणि खरंच, पुढे बरेच महिने ते त्यावर बोलले नाहीत.

गुरुवारी वर्ग भरलेला होता. गोरक्ष शेवटच्या बाकावर, दाराजवळ. मी उभी राहिले आणि वाचलं—

"दुरुस्ती. सभासद गोरक्ष यांची चाल मंद नाही. पाचही चढायांत ते जाणूनबुजून हळू चालले. कारण, पिछाडीवरच्या सभासदासोबत चालायला मिळावं. ही गोष्ट पिछाडीच्या लक्षात तिसऱ्या चढाईपासून आली होती."

कुणीतरी खोकलं. मी पुढची ओळ वाचली.

"ती लिहिली नाही, कारण पिछाडीलाही ते आवडत होतं. पिछाडीने स्वतःही हरिहरवर एकदा आणि कळसूबाईवर दोनदा, दमलेली नसताना विश्रांती मागितली. सबब, मागचा शेरा रद्द समजावा."

बाहेर सायकलची घंटी वाजली. चंदरकाका छताकडे बघत होते. मी मात्र शेवटच्या बाकाकडे पाहिलं. गोरक्षने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय होतं, मला तेवढ्या लांबून कळलं नाही.

"मंजूर," सुभेदार म्हणाले. "लेकिन एक अट. हा जवान अख्खा रस्ता माझ्यामागे, दुसऱ्या नंबरवर चालणार. आणि तू पिछाडीला."

म्हणजे मधे नऊ माणसं. काठगोदाम स्टेशनाहून बसने, मग पायी, खाती गावापर्यंत आणि त्याच्याही पुढे, आमची भेट फक्त मुक्कामाला व्हायची. तीही सुभेदारांसमोर, डाळभाताच्या ताटावर. दिवसभर मला त्याची टोपी दिसायची, कधी वरच्या वळणावर, कधी देवदारांच्या आड. खाली त्याच हिमनदीतून निघालेली पिंडर नदी रोज वाढत होती. ऐन मे महिन्यात, रणरणत्या दुपारी, फेसाळत, गढूळ, काठ भरून.

फुरकियाच्या शेवटच्या मुक्कामापुढे बर्फ सुरू होणार होतं. त्या दिवशी ओळीतल्या एका बाईंना उंचीचा त्रास झाला. त्यांच्यासोबत पावलापावलाने येताना मी पाऊण तास मागे पडले. शेवटचं वळण घेतलं तेव्हा समोर सगळं पांढरंच पांढरं होतं. वर शिखरांच्या कडा उन्हात डोळ्यांना सोसत नव्हत्या. मंडळी बर्फात लोळत होती, एकमेकांवर गोळे फेकत होती, सुभेदारांच्या टोपीवरही बर्फ होतं.

गोरक्ष बर्फाच्या कडेपासून चार हात अलीकडे, दगडावर उभा होता. दोन्ही हात खिशात.

"पाऊण तास असाच उभा आहे," सुभेदार वैतागून मला म्हणाले. "मी सांगून थकलो. म्हणतो, ओळ पूर्ण झाल्याशिवाय नाही."

मी त्याच्याजवळ गेले. त्याचा चेहरा थंडीने राखाडी पडला होता, ओठ फुटले होते.

"लावा ना हात," मी म्हटलं. "एवढ्यासाठी तर आलात."

"तुम्ही आलात ना आता," तो म्हणाला. त्याने खिशातून हात काढला आणि आधी माझ्यापुढे धरला.