खालच्या कप्प्यातली बाटली

बूच निम्म्यात तुटलं. मालकीणबाईंनी स्क्रू पुन्हा फिरवला, तसा उरलेल्याचा भुगा होऊन बाटलीत पडला.

“ही चौथी. आत वाइन नाही, आंबट पाणी. आमच्या वाइनच्या पहिल्या वर्षीच्या बारा बाटल्या जपल्या होत्या. बुचं मावशीनं स्वतः बसवलेली. सोमवारपासून बुचं बसवायचं यंत्र येतंय. मावशीला आता घरीच बसवते.”

“मग आम्हाला का बोलावलंत?” वहिनींनी विचारलं.

“वीस वर्षं तिच्या हातावर डोळे मिटून विश्वास ठेवला. घालवायच्या आधी खात्री हवी.”

शोधाचं काम करणाऱ्या या बाईंना सगळे वहिनीच म्हणत. सोबतचे त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, दर दोन वाक्यांना तीच हाक मारत.

मावशी वर, हाताच्या दाबयंत्रापाशी बसल्या होत्या. पुढ्यातल्या बुचांना हात लावत नव्हत्या.

“बुचं खराब निघाली असतील?” वहिनींनी विचारलं.

“प्रत्येक बूच दाबून बघते मी. परत फुगलं नाही तर टाकून देते.”

“तळघरात कधी गेला होतात?”

“गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या जिन्याला रामराम ठोकलाय. सहा वर्षं झाली. खालचं सगळं मालकीणबाईंचे जावईबापू बघतात.”

जावईबापू तळघरातच भेटले. बिअर बनवणाऱ्या घरातले, बोलायला मोकळे. त्यांनी एका बाटलीचं पत्र्याचं झाकण फटकन उडवलं आणि भाऊजींसाठी पेला भरला. बोटभर बिअर मात्र बाटलीतच ठेवली.

“एवढी कंजुषी?” भाऊजी म्हणाले.

“तळाला यीस्ट बसलेलं असतं. आमच्या घरी बाटलीचा तळ हलवणाऱ्याला जेवण मिळत नसे.”

वहिनींनी मांडणीवर आडवी ठेवलेली, न उघडलेली वाइनची बाटली दिव्यासमोर धरली. गाळाचं घट्ट कडं तळाशी बसलं होतं.

“सहा वर्षं या अशाच आडव्या होत्या?”

“वाइन आडवीच ठेवतात, बाई,” जावई म्हणाले आणि पेला पुसू लागले.

सर्वांत खालचा कप्पा जेमतेम वीतभर उंच होता. त्यात एकच बाटली होती. तिच्या पोटाशी, एका बाजूला, गाळाचा लांबट पट्टा होता.

“ही वर घेऊन चला,” वहिनी म्हणाल्या. “मावशींसमोर उघडू.”

“वहिनी, चार आंबट निघाल्या, पाचवीनं काय होणार?” भाऊजी कुरकुरले.

मावशींच्या टेबलाभोवती सगळे जमले.

“गाळ नेहमी खालच्या बाजूला बसतो,” वहिनी म्हणाल्या. “बाटली आडवी असेल तर पोटाशी, उभी असेल तर तळाशी. वरच्या कप्प्यांतल्या बाटल्यांचा गाळ तळाशी आहे. म्हणजे त्या वर्षानुवर्षं उभ्या होत्या.”

“उभी ठेवली म्हणून काय बिघडलं?” भाऊजींनी विचारलं. “बिअर उभीच असते की.”

“बिअरला पत्र्याचं झाकण असतं. बूच ओलं राहिलं तरच फुगून घट्ट बसतं. आडव्या बाटलीत वाइनच त्याला भिजवते. उभ्या बाटलीत ते वाळतं, आक्रसतं, हवा आत जाते. जावईबापू, तुम्ही घरच्या शिस्तीनं बाटल्या उभ्या केल्यात. ही एकच उभी मावेना, म्हणून तशीच राहिली. बूच त्याच हातचं, त्याच दिवशीचं. मालकीणबाई, उघडा.”

स्क्रू सरळ आत गेला. ओढताना मालकीणबाईंना दुसरा हात लावावा लागला. बूच अखंड बाहेर आलं, खालून जांभळं, ओलं. मालकीणबाईंनी एक घोट घेतला आणि पेला सावकाश खाली ठेवला.

“मावशी, यंत्र नको आपल्याला.”

जावयांची मान खाली होती. “गेल्या महिन्यात एका पुस्तकात वाचलं. त्याच दिवशी सगळ्या आडव्या केल्या. वाटलं, कोणाला कळणार नाही.”

“आणि मावशीवर आळ आला तेव्हा का नाही बोललात?” मालकीणबाईंनी विचारलं.



मावशींनी ते बूच दोन बोटांत दाबलं, सोडलं. ते हळूहळू फुगलं.

“बाटल्यांचं जाऊ द्या, जावईबापू. चार दिवस मी माझेच हात बघत बसले होते. म्हटलं, हेही गेले की काय गुडघ्यांसारखे.”

“चुकलो, मावशी.”

मावशींनी बुचांची पाटी त्यांच्यापुढे सरकवली.

“बसा इथे. दाबून बघायला शिका.”