शून्याचं एक

भिंतीवरचा ड्यूटीचा तक्ता मी टरकन ओढून काढला, वळले — आणि थेट त्याच्या चहाच्या कपावर आदळले.

"अहो सिस्टर, तक्त्याने काय पाप केलं?"

"कोणत्या शहाण्याने केलाय हा?"

"शहाणा समोरच उभा आहे," शर्ट झटकत तो म्हणाला. "चहात भिजलेला."

हॉस्पिटलने ड्यूट्या लावायला बोलावलेला गणितवाला तो हाच! त्याच्या प्रोग्रॅमने मला एकही संध्याकाळ दिली नव्हती. ऑपरेशन थिएटरच्या परीक्षेला बसायचं, तर तिथल्या अठरा संध्याकाळी भरायलाच हव्या होत्या. आणि माझ्या लेकीचे, ठमीचे बाबा गेल्यापासून मी मनाशी पक्कं केलं होतं — परीक्षा द्यायचीच.

"तुमची मुलगी लहान आहे ना... म्हणून अट घातली. लहान मूल असेल, तर संध्याकाळ नको."

"मला विचारलंत?"

त्याचे कान लालबुंद.

"ठमीजवळ माझी आई असते. आई नसेल तेव्हाच लावा तुमची अट. एरवी झोपू दे त्या अटीला."

"झोपू दे..." त्याचे डोळे चमकले. "अटीला बटण जोडतो. शून्य असेल तर अट झोपलेली, एक केलं की जागी. आणि बटण तुमच्याकडे!"

मग दर मंगळवारी तो स्वतः तक्ता घेऊन येऊ लागला. ईमेलनेही पाठवता आला असता... हे दोघांनाही ठाऊक होतं. रविवारी बागेत ठमी हक्काने त्याच्या खांद्यावर चढू लागली. आई म्हणाली, "माणूस सरळ आहे गं. फक्त तोंड उघडत नाही मेला."

सतरा संध्याकाळी भरल्या. अठरावीच्या दिवशी सकाळीच मावशी पडल्याचा फोन आला, आणि आई तिकडे धावली. संध्याकाळी भरायची मुदत आजच संपत होती; आता अट जागी करायची, म्हणजे परीक्षा पुढच्या वर्षावर. जड हाताने मी कॉम्प्युटर उघडला. माझ्या नावाखाली एक नवीच अट होती —

'सिस्टरची संध्याकाळ असेल आणि आजी घरी नसेल, तर गणितवाला ठमीपाशी.'

पुढे शून्य.

मी फोन लावला. "हे कधी घातलंत?"

"महिना झाला."

"आणि बोलला नाहीत?"

"बटण तुमचं... मी कसं दाबणार?" तो अडखळला. "आणि — ही अट एकाच संध्याकाळपुरती हवी, असं काही माझं म्हणणं नाही."

मी शून्याचं एक केलं.

"चारला या. आणि उद्या आई परतली की तिलाही हेच सांगा... तोंड उघडून!"